विलायती ड्रमसंच व त्याचा हौशी वादक

माझा एक भाचा गेलीं तीन वर्षें हौसेखातर विलायती ड्रम वाजवीत आहे. त्याचा पोटापाण्याचा व्यवसाय निराळा. आठवडाभर तो संगणकापुढें बसतो, आणि रविवारीं सकाळीं, शेजारीपाजारी जागे झालेले पण अद्याप वैतागलेले नाहींत अशा वेळीं, तासभर वाजवून घेतो. महिन्यापूर्वीं तो जरा खिन्न होऊन मजकडे आला आणि म्हणाला, "मामा, माझ्या ड्रमचा आवाज डबा बडविल्यासारखा येतो. ध्वनिमुद्रिकांत ऐकूं येतो तसा तो कधींच निघत नाहीं. आतां एक तर सगळा संच नवा घ्यावा, नाहीं तर हा नाद सोडून द्यावा, असें मनांत आलें आहे. तुम्ही इतिहास शिकवितां. थोर वादकांपाशीं असें काय होतें जें माझ्यापाशीं नाहीं, तें मला सांगा." नव्या संचासाठीं त्यानें दीड वर्ष पैसे सांठविले होते, हें मला ठाऊक होतें. प्रश्न बाजारांतला होता, पण त्याचें उत्तर इतिहासांत शोधण्यासारखें होतें. म्हणून मीं त्याच्याकडे पंधरा दिवसांची मुदत मागितली. त्या मुदतींत जुळविलेली हकीकत येथें वाचकांपुढें ठेवीत आहें.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. एका आसनावर बसून दोन हात व दोन पाय यांनीं वाजवावयाचा हा संच वाद्यांच्या इतिहासांत अगदीं अलीकडचा, फार तर सव्वाशें वर्षांचा आहे. त्याचे अवयव मात्र जुने असून त्यांपैकीं कांहीं पूर्वेकडून गेलेले आहेत. आपला नगारा आणि मध्ययुगीन इंग्रजींतील 'नेकर' हे दोन्ही शब्द एकाच अरबी 'नक्कारा' शब्दापासून निघाले. धर्मयुद्धांच्या काळांत, तेराव्या शतकाच्या सुमारास, नगाऱ्यांची ही जोडी युरोपांत पोंचली. मोठा ढोल आणि झांजा यांची जोडी तुर्कांच्या 'मेहतर' नांवाच्या लष्करी वाद्यमेळांतून अठराव्या शतकांत युरोपीय सैन्यांत शिरली. या तुर्की थाटाचें तेथें इतकें वेड माजलें कीं, मोझार्टनें १७८२ सालीं तुर्की जनानखान्याच्या कथानकावर रचलेल्या संगीतिकेंत मोठा ढोल, झांजा व त्रिकोण हीं तिन्हीं वाद्यें योजिलीं, आणि हेडननें १७९४ सालच्या आपल्या 'मिलिटरी' सिंफनींत त्यांचाच गजर केला. आज आपण ज्यास 'विलायती' म्हणतों त्यांतलें निम्मेंअधिक सामान असें पूर्वेचें माहेर सांगणारें आहे.

झांजांची कथा तर विशेष मनोरंजक आहे. कॉन्स्टँटिनोपलमध्यें आवेदिस नांवाचा एक आर्मेनियन किमयागार होता. तांब्यापासून सोनें करण्याच्या खटपटींत १६१८ च्या सुमारास त्यास एक मिश्रधातु सांपडली. सोनें झालें नाहीं, पण तिच्या पत्र्यास असा घुमारा आला कीं, सुलतानानें त्याला पदरीं ठेवून 'झिलजियान' असें आडनांव दिलें, अशी त्या घराण्याची परंपरा आहे. तुर्कींत 'झिल' म्हणजे झांज. तेव्हां हें आडनांव आपल्याकडील 'तांबट' किंवा 'कासार' यांच्याच जातीचें. हें घराणें १९२९ सालीं अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स संस्थानांत स्थायिक होऊन झांजा करूं लागलें. धातूचें रहस्य पाहूं गेल्यास ढोबळ मानानें चार भाग तांबें व एक भाग कथील. आपल्या काशाचें घटकद्रव्यहि याहून फारसें निराळें नाहीं. एवढें कथील घातलें म्हणजे धातु ठिसूळ होते. ती न तडकतां तापवून, दाबून, ठोकून पातळ करणें हीच खरी विद्या, आणि ती पिढ्यानुपिढ्या बापाकडून मुलाकडे गेली.

स्नेअर ड्रमचा वंश निराळा. हा पलटणीचा ढोल. त्याच्या खालच्या कातड्यावर तांतीचे, पुढें तारांचे, पीळ ताणलेले असतात. वर काठी पडली कीं खालीं ते पीळ थरथरून 'खर्र' असा आवाज उठवितात. तोफांच्या गडगडाटांतहि हा आवाज ऐकूं जावा, हा त्यांतील हेतु. कूच केव्हां करावें, थांबावें केव्हां, जेवणाची वेळ केव्हां झाली, हें सर्व सैनिकांस ढोलावरून कळे. हा ढोल खांद्यावरून पट्ट्यानें एका अंगाला तिरपा लटकत असे; म्हणून डावा हात उताणा धरून काठी अंगठ्याच्या बेचक्यांतून चालविण्याची पद्धत पडली. पुढें ढोल खांद्यावरून उतरून घडवंचीवर आडवा बसला, तिरपेपणाचें कारण नाहींसें झालें, तरी ती पकड शंभर वर्षांच्या वर टिकून राहिली. आजहि कित्येक वादक ती अभिमानानें धरतात. कारण गेलें तरी रीत उरते, हा नियम समाजाप्रमाणें वाद्यांसहि लागू आहे.

पलटणींतील पोरांस शिकविण्यासाठीं काठीच्या आघातांचे जे पाठ बसविण्यांत आले, त्यांस 'रूडिमेंट' म्हणजे मूलपाठ म्हणतात. अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या ऐन धामधुमींत, १८६२ सालीं, ब्रूस व एमेट यांनीं असे पाठ पुस्तकरूपानें छापले. १९३३ सालीं शिकागो येथें जमलेल्या वादकांच्या एका मंडळानें त्यांतून तेरा पाठ 'आवश्यक' म्हणून निवडले, मागाहून आणखी तेरा जोडले, आणि १९८४ सालीं ती यादी चाळीसांवर गेली. 'फ्लॅम', 'पॅराडिडल', 'रॅटामक्यू' हीं या पाठांचीं नांवें उच्चारतांच तबल्याचे बोल आठवल्यावांचून राहत नाहींत. साम्य आहे, पण त्यास मर्यादा आहे. 'धा' किंवा 'तिरकिट' म्हटलें म्हणजे कोणत्या जागीं कोणता ध्वनि काढावयाचा हें कळतें. 'पॅराडिडल' म्हटलें म्हणजे कोणत्या हातामागून कोणता हात पडावयाचा एवढेंच कळतें: उजवा, डावा, उजवा, उजवा. डावा, उजवा, डावा, डावा. आपल्या बोलांत ध्वनीची भाषा आहे, त्यांच्या पाठांत हातांची शिस्त आहे. सॅनफर्ड मोलर या शिक्षकानें यादवी युद्धांतून वांचलेल्या म्हाताऱ्या ढोलवाल्यांचें वादन निरखून १९२५ सालीं एक पुस्तक लिहिलें. त्यांतील सार असें कीं, आघात मनगट दाबून काढावयाचा नसतो. चाबकाप्रमाणें हात सैल उचलून काठीला तिच्या वजनानें पडूं द्यावयाचें असतें. १९३५ सालीं जॉर्ज लॉरेन्स स्टोन यानें केवळ उजव्या-डाव्याच्या उलटापालटींचें एक पुस्तक काढलें. हौशी व धंदेवाईक दोघेहि तें आजवर घोटीत आले आहेत. या दोन्ही पुस्तकांनीं शिकविली ती हाताची चाल. कोणता ढोल विकत घ्यावा हा त्यांचा विषय नव्हे.

मग हे निरनिराळ्या कुळांतले ढोल एका माणसाच्या ताब्यांत आले कसे? याचें उत्तर कलेंत नसून बरेंचसें हिशेबांत आहे. पलटणींत बास ड्रम, स्नेअर व झांजा यांस तीन निरनिराळीं माणसें लागत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेंतील नाटकगृहें व नृत्यगृहें यांत तिघांना जागाहि नव्हती आणि तिघांचा पगार देण्याची मालकाची इच्छाहि नव्हती. तेव्हां एकच वादक दोन्ही ढोल जवळ ठेवून काठ्यांनीं आळीपाळीनें बडवूं लागला. ही कसरत पायाच्या खटक्यानें सोपी केली. ओबडधोबड खटके पूर्वीं अनेकांनीं केले होते. परंतु विल्यम लुडविग या जर्मनींत जन्मलेल्या व शिकागोंत वाढलेल्या वादकास नव्या 'रॅगटाइम' संगीताच्या धांवत्या लयींत तो जुना खटका पुरेना, म्हणून त्यानें चपळ खटका बनविला आणि १९०९ सालीं भावाच्या भागीदारींत तो विकावयास काढला. ड्रमसंचाचा खरा जन्म या खटक्यापासून धरावयास हरकत नाहीं. एकाच्या पायास काम मिळालें, आणि दुसऱ्याच्या हातचें काम गेलें.

यानंतर या एकट्या माणसावर मालकांनीं आणखीहि बोजा लादला. मूकचित्रपट चालू असतां घोड्याच्या टापा, पक्ष्यांची शीळ, आगगाडीची भकभक, थोबाडींत बसल्याचा आवाज, हें सर्व पडद्याखालीं बसलेल्या ढोलवाल्यानेंच काढावयाचें. म्हणून त्याच्याभोंवतीं घंटा, शिट्या, लाकडी ठोकळे यांचें दुकान मांडलेलें असे. मग १९२७ सालीं अमेरिकेंत बोलपट आला, आणि पाहतां पाहतां चित्रगृहांतील हजारों वादक घरीं बसले. आपल्याकडे याच्या नेमकें उलट घडलें. १९३१ सालीं मुंबईस 'आलमआरा' झळकला, आणि त्यानंतरच्या बोलपटांनीं वादकांस पोटाला दिलें. गोव्यांतील चर्चच्या शाळांतून स्वरलेखन शिकून आलेले गोमंतकीय वादक मुंबईच्या हॉटेलांत वाजवीतच होते. १९३५ सालीं लिऑन अॅबी याचा निग्रो वादकांचा जॅझमेळा ताजमहाल हॉटेलांत वाजवून गेल्यावर तर या संगीताची गोडी शहरास चांगलीच लागली. पुढें हेच वादक चित्रपटांच्या वाद्यवृंदांत शिरले. कावस लॉर्ड या पारशी गृहस्थांनीं पाश्चात्य तालवाद्यें हिंदी चित्रपटगीतांत रुजविलीं, आणि केर्सी व बर्जोर या त्यांच्या मुलांनीं तोच वारसा चालविला.

आतां भाच्याच्या मूळ तक्रारीकडे, म्हणजे 'ध्वनिमुद्रिकेंत येतो तसा आवाज येत नाहीं' या गोष्टीकडे वळूं. मुद्रिकेंतला आवाज हा वाद्याचा आवाज आहे, ही समजूतच मुळीं चुकीची आहे. १९२५ पर्यंत ध्वनिमुद्रण कर्ण्यांतून होई. बास ड्रमचा दणका बसला कीं मेणावरची सुई उडे, म्हणून ढोलवाल्यास बहुधा लाकडी ठोकळ्यांवर भागवावें लागे. त्या काळच्या मुद्रिका ऐकून जर कोणी असें म्हणेल कीं तेव्हांचे वादक बास ड्रम वाजवीतच नसत, तर तो फसेल. उलट टोंकाचें उदाहरण १९७१ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'लेड झेपेलिन' मंडळीच्या एका गीताचें आहे. त्यांतील जॉन बॉनम याच्या ढोलांचा पर्वतप्राय आवाज जगभर नांवाजला गेला. तो कशानें आला? हेडली ग्रेंज नांवाच्या एका जुन्या इमारतीच्या उंच जिन्याच्या दालनांत ढोल मांडून, वरच्या मजल्याच्या कठड्यावरून ध्वनिग्राहक खालीं सोडले होते. तो आवाज एका माणसाच्या हातांचा व पायांचा आणि एका रिकाम्या जिन्याचा आहे. माझ्या भाच्याची खोली बारा फूट लांब असून तींत एक पलंग, एक कपाट आणि वाळत घातलेले कपडे असतात. तेथें कोणताहि संच आणला तरी जिना कोठून आणावा?

रिंगो स्टार याची गोष्टहि या संबंधांत पाहण्यासारखी आहे. १९६४ च्या ९ फेब्रुवारीस 'बीटल्स' अमेरिकेंत दूरचित्रवाणीवर प्रथम दिसले. सुमारें सात कोटी तीस लक्ष लोकांनीं तो कार्यक्रम पाहिला, आणि रिंगोच्या ढोलावरचें लुडविगचें नांव एका रात्रींत घरोघरीं पोंचलें. कारखान्यास मागणी पुरवितां पुरवितां दम लागला. हजारों मुलांनीं तसाच संच घेतला. परंतु रिंगोचा आवाज कोणासहि मिळाला नाहीं, कारण तो संचांत नव्हताच. रिंगो मूळचा डावखुरा असून उजव्या हाताच्या माणसासाठीं मांडलेला संच वाजवी; त्यामुळें त्याचे हात अनपेक्षित वाटेनें फिरत, आणि त्याचे तोडे इतरांहून वेगळे पडत. पुढें पुढें मुद्रणाच्या वेळीं तो आपल्या ढोलांवर स्वयंपाकघरांतलीं फडकीं टाकून आवाज बुजवीत असे. ज्या आवाजासाठीं लोक पैसे मोजीत होते, त्यांत एका फडक्याचाहि वांटा होता!

तरीहि साधनांना कांहींच किंमत नाहीं असें म्हणणें हा दुसऱ्या टोंकाचा अविचार होईल. पूर्वीं ढोलांवर वासराचें कातडें असे. दमट हवेंत तें ढिलें पडे, कोरड्या हवेंत ताणून फाटे. पावसाळ्यांत हलगीवाला चार काटक्या पेटवून हलगी शेकतो तें ज्यानें पाहिलें आहे, त्यास ही अडचण सांगावयास नको. १९५७ सालीं अमेरिकेंत चिक इव्हान्स व रेमो बेली यांनीं प्लास्टिकच्या पातळ पडद्याचीं पानें बाजारांत आणलीं आणि ही पीडा टळली. आज पुण्यांतील गणेशोत्सवांत भर पावसांत जीं ढोल-ताशांचीं पथकें वाजतात, त्यांच्या ढोलांचीं प्लास्टिकचीं पानें त्याच सोयीचीं साक्षीदार आहेत. जुन्या कातड्याचा ऊबदार गोडवा त्यांत नाहीं, हें खरें. पण जो आवाज सप्टेंबरांत निघतच नाहीं त्याच्या गोडव्याचा काय उपयोग?

येथें थोडें शास्त्रहि सांगितलें पाहिजे. साधें गोल कातडें वाजविलें असतां त्याच्या मूळ स्वराबरोबर जे वरचे ध्वनि उठतात, ते मूळाच्या दुप्पट, तिप्पट अशा सुरेल प्रमाणांत नसतात; पहिलाच सुमारें १.५९ पट, पुढचे २.१४ व २.३० पट असे वेडेवांकडे पडतात. म्हणून साध्या ढोलास नेमका स्वर नसतो. आपल्या तबल्याच्या व मृदंगाच्या शाईनें हे ध्वनि सुरेल प्रमाणांत बसतात, हें चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं शिवकाली कुमार यांच्यासह १९२० सालीं 'नेचर' या नियतकालिकांत दाखवून दिलें. ड्रमसंचास शाई नाहीं. तेव्हां त्याचा 'सूर लावणें' म्हणजे अमुक स्वरांत मिळविणें नव्हे, तर कडेच्या प्रत्येक खिळीपाशीं पान सारखें ताणणें होय. एक बाजू चढलेली व एक उतरलेली राहिली, तर तेच पान दोन तोंडांनीं बोलतें, आणि त्या भांडणास आपण 'डब्याचा आवाज' म्हणतों. झांजेची गोष्ट मात्र निराळी. ती चढवितां येत नाहीं, उतरवितां येत नाहीं. तिचा आवाज धातूंत आणि ठोकण्यांत ठरून गेलेला असतो. आणि या झांजेचें महत्त्व आतां पूर्वींपेक्षां वाढलें आहे. कारण १९३० नंतर जो जोन्स यानें लय पायाच्या ढोलावरून पायानें मिटणाऱ्या झांजांच्या जोडीवर नेली, आणि १९४० च्या सुमारास केनी क्लार्क यानें ती मोठ्या टांगत्या झांजेवर चढविली. तेव्हांपासून जॅझ वाजविणाऱ्याचा सर्वांत अधिक वेळ झांजेवर जातो.

पंधरा दिवसांनीं आम्ही दोघे त्याच्या खोलींत बसलों. "अरे," मीं म्हटलें, "आधीं किल्ली आण." समोरासमोरच्या खिळ्यांची एकेक जोडी घेऊन, कडेपासून इंचभर आंत टिचकी मारून, आवाज सारखा होईपर्यंत आम्ही स्नेअर ड्रम लावला. दोन तास लागले. खालचें पान तर तीन वर्षांत त्यानें एकदांहि तपासलें नव्हतें. बास ड्रममध्यें एक घडी घातलेली जुनी चादर ठेवली. मग त्यानें काठ्या घेतल्या, चार आघात केले, आणि माझ्याकडे न पाहतां पुढचा पाऊण तास वाजवीत राहिला. शेवटीं त्यानें संच बदलण्याचा बेत सोडला. सांठविलेल्या पैशांतून पितळी पत्र्याच्या झांजेऐवजीं ओतीव काशाची एक चांगली झांज मात्र घेतली. इतिहासानें आणि शास्त्रानें मिळून एवढाच खर्च मंजूर केला होता.

पण या सर्वांतून मला स्वतःला जें कळलें तें थोडें गंभीर आहे. लुडविगच्या खटक्यानें दुसऱ्या वादकाचें काम घेतलें; बोलपटानें चित्रगृहांतला वादक उठविला; १९८० सालीं खऱ्या ढोलांचे आवाज सांठवून ठेवणारें लिन यांचें यंत्र निघालें, आणि त्यानें पहिल्याचेंहि काम घेतलें. मुंबईंतहि चित्रपटांचे मोठे वाद्यवृंद त्याच वाटेनें ओसरले. आणि केर्सी लॉर्ड यांच्यासारख्या अस्सल वादकानेंच इलेक्ट्रॉनिक वाद्यें येथें आणण्यांत पुढाकार घेतला होता, हा काळाचा विनोद म्हणावा लागेल. यंत्र चुकत नाहीं, दमत नाहीं, पगार मागत नाहीं. ज्यास केवळ ठेका हवा आहे त्यास माणसाची गरज उरलेली नाहीं. मग हा ढोल आतां वाजवावयाचा कोणी? ज्यास ठेक्यापेक्षां वाजविणें हवें आहे त्यानें. पलटणीनें सोडलेली, नाटकगृहानें सोडलेली, चित्रगृहानें सोडलेली ही विद्या आज बव्हंशीं हौशी लोकांच्या हातीं आहे. कारकुनी करून, शिकवून, संगणकापुढें डोळे शिणवून उरलेल्या तासांत जे उजवा-डावा घोटतात, त्यांच्या बळावर ती टिकेल. म्हणूनच भाच्यानें नाद सोडण्याची भाषा काढली तेव्हां मला तें केवळ एका मुलाचें रुसणें वाटलें नाहीं.

परवांच्या रविवारीं त्याच्या शेजारच्या आजी जिन्यांत भेटल्या. "तुमच्या भाच्याचें हल्लीं बरें लागतें हो," त्या म्हणाल्या, "पूर्वीं नुसतें वाजायचें." याहून नेमकें परीक्षण एखाद्या जाणकारालाहि करतां आलें असतें असें मला वाटत नाहीं.